अडकलेल्या माणसाशी बोलावं तसं

४ फेब्रुवारी, मंगळवार

मालकांनी सकाळी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, लिफ्टच्या नव्या मोटारीबद्दल विचारतील. तर म्हणाले, "उद्यापासून पान्हा खाली ठेव. गिऱ्हाईकं तू सांभाळायची."

मी! सगळी नोकरी लिफ्टच्या खड्ड्यात नाहीतर छतावर गेली. ग्रीसशिवाय कुणाशी माझी सलगी नाही. पण आमचा विक्रीचा माणूस पलीकडच्या स्वस्त कंपनीत गेला, आणि जाताना काही इमारतींची कामंही घेऊन गेला. आता हॉस्पिटलचा देखभालीचा करार संपतोय. आमचं सगळ्यात मोठं काम तेच.

"ते गेलं तर लांब्याला घरी बसवावं लागेल," मालक म्हणाले.

लांब्या म्हणजे माझा जोडीदार. तो वर मशीनजवळ आहे म्हणून मी खाली निर्धास्त असतो.

"मला बोलता येत नाही," म्हणालो.

"मग शीक." रागाने नाही म्हणाले. उलट माझ्यावर भरवसा असल्यासारखे. त्यानेच जास्त घाबरलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली भेट. एका ऑफिसच्या इमारतीचे व्यवस्थापक. हात दाखवून अवलक्षण! आधी ततपप, मग एकदा तोंड सुटलं ते दोर, ब्रेक, बेअरिंग यांवरच. थांबताच येईना. ते मधेच फोन बघायला लागले. "कळवतो" म्हणाले. असं "कळवतो" म्हणणारे कळवत नाहीत, एवढं मलाही कळतं.

घरी येऊन बूट काढता काढता सगळं हिला सांगितलं. सासूबाई खिडकीपाशी बसून ऐकत होत्या. त्या आमच्याकडे राहायला आल्यापासून तीच त्यांची जागा. उभं आयुष्य बुटांच्या दुकानात गिऱ्हाईकांसमोर गेलं, मग दुकानच बंद झालं. आता फाटकाबाहेरही पडत नाहीत. ही म्हणते, "आई, जरा फिरून ये." त्या म्हणतात, "कुठे जाऊ? कोण वाट बघतंय माझी?"

आज मात्र मान वळवून म्हणाल्या, "बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, जावईबापू. तुमच्याकडे तर गहू आहेत."

९ फेब्रुवारी, रविवार

मालकांनी एका व्याख्यानाला पाठवलं. यशाचं व्याख्यान. मोठा हॉल, मोठा आवाज. वक्त्यांनी आम्हाला खुर्च्यांवर उभं केलं आणि "मी वाघ आहे" असं ओरडायला लावलं. माझ्या शेजारचे गृहस्थ विम्याचं काम करणारे, वय झालेले. त्यांना मीच खुर्चीवरून उतरवलं. वाघाचे गुडघे दुखत होते.

सांगितलं होतं, रोज आरशासमोर स्वतःला विजेता म्हणा. न्हाणीघरात जाऊन म्हणून बघितलं. बाहेरून ही दार वाजवतेय, "आत कोण आहे रे तुझ्याबरोबर?"

सासूबाई हसल्या. पोट धरून. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. ही माझ्याकडे बघतच राहिली. व्याख्यानाचे पैसे वसूल.

१० फेब्रुवारी, सोमवार

जेवण झाल्यावर सासूबाईंनी खुर्ची मधोमध ओढली. "मी गिऱ्हाईक. विका बघू."

मी सुरू केलं. दोन वाक्यंही झाली नसतील, त्या उठून आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, "गिऱ्हाईक गेलं."

परत आल्या, बसल्या. म्हणाल्या, "दुकानात माणूस आला की मी बूट दाखवायचे नाही. विचारायचे — आत्ता घातलेत ते कुठे टोचतात? मग गप्प. माणूस आपणच सांगतो. त्याला विचारणारं कुणी नसतं हो."

"आणि किंमत?"

"एकदाच सांगायची आणि तोंड मिटायचं. समोरचा बोलायच्या आत आपणच घाबरून कमी करतो, तिथेच घोडं पेंड खातं."

हे मला कुठल्या कॉलेजात मिळालं असतं? आणि शिकवताना काय चेहरा होता त्यांचा! हात सारखे हलत होते, डोळ्यांत चमक.

१२ फेब्रुवारी, बुधवार

किंमत सांगून गप्प बसण्याचा सराव. मी गप्प, सासूबाई गप्प. ही आत आली, दोघांकडे बघितलं, म्हणाली, "भांडलात का?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

माणसं कमी होती म्हणून पान्हा पुन्हा हातात. एका राहत्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक बाई एकटीच. दार बडवत होती, धाप लागली होती. लांब्या वर मशीनकडे पळाला. मी दाराशी जमिनीवर बसलो आणि नेहमीसारखा बोलायला लागलो.

"ताई, मी इथेच आहे. कुठे जात नाही. लिफ्ट खाली पडणार नाही, तिला धरून ठेवणारं बरंच काही आहे. हवा येतेय ना? तुम्हाला सगळ्यात भीती कशाची वाटतेय, ते सांगा."

म्हणाली, अंधाराची. दिवा गेला तर? म्हटलं, गेला तर मी आवाज थांबवणार नाही. मग तिने मुलाच्या परीक्षेचं सांगितलं, बहिणीशी अबोला आहे ते सांगितलं. लिफ्ट हलली तेव्हा तिचं वाक्य अर्धवट होतं. बाहेर आली आणि आधी ते पूर्ण केलं!

लांब्या जिन्यावरून सगळं ऐकत होता. म्हणाला, "आणि तुला म्हणे बोलता येत नाही."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या उसवलेली बाही शिवत होत्या. सुई थांबली. "मग तसंच बोला की सगळीकडे. समोर बसलेला माणूस कुठेतरी अडकलेलाच असतो. नाहीतर तुम्हाला कशाला बोलावेल?"

बराच वेळ तेच डोक्यात घोळतंय. मी हे काम रोज करत होतो आणि त्याला बोलणं म्हणत नव्हतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उद्या हॉस्पिटल.

सासूबाई माझे बूट घेऊन बसल्या होत्या, पॉलिश करत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, तुम्ही नका हो."

"राहू द्या. हातांना विसर पडायला नको."

२० फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलमधून आलो तो थेट लिहायलाच बसलोय.

खोलीत मेट्रन आणि हिशेबनीस. हिशेबनिसांनी दुसऱ्या कंपनीचा कागद माझ्यासमोर सरकवला. "हे तुमच्यापेक्षा स्वस्त आहेत." पायाखालची वाळू सरकली. पण दोर-बेअरिंग काढलं नाही. मेट्रनबाईंना विचारलं, "आमच्या कामात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?"

त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लिफ्ट बंद पडते त्याचं नाही. यंत्र आहे, पडणार. पण बंद पडली की आम्हाला कुणी काही सांगत नाही. स्ट्रेचरवर पेशंट, शेजारी त्याची मुलगी मला विचारतेय — किती वेळ? आणि मी तुमचा फोन लावतेय. कुणी उचलत नाही. उचललं तर म्हणतात, माणूस निघालाय. कुठून निघालाय, ते त्यालाही माहीत नसतं."

सबबी जिभेवर आल्या होत्या. गिळल्या. म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. दुरुस्त आम्ही चांगलं करतो. सांगत मात्र नाही."

मग ठरवलेलं नव्हतं ते बोललो. फोनवर असं माणूस बसवू की जे ऐकून घेईल, दुरुस्तीवाला कुठे पोचला ते सांगेल, आणि लिफ्ट सुरू होईपर्यंत तुम्हाला सोडणार नाही.

"आणि किंमत?" हिशेबनीस.

"आहे तीच राहील." तोंड मिटलं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. कमी करतो म्हणावं, असं किती वाटलं! खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो.

शेवटी मेट्रनबाईच हिशेबनिसांना म्हणाल्या, "स्वस्तवाले फोन उचलतात का, ते विचारलंत?"

उद्या सांगतो म्हणाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

करार आपल्याकडेच! लांब्याला सांगायला गेलो तर तो लिफ्टच्या मोटारीत डोकं घालून बसला, बाहेर काढेचना. मग तसाच आतून म्हणाला, "बरं झालं." आवाज ओला होता.

मालकांनी हात हातात घेतला. मग म्हणाले, "फोनवरच्या माणसाचं कबूल करून आलास. आता असं माणूस आणू कुठून?"

मी म्हणालो, "माझ्या घरी आहे."

२२ फेब्रुवारी, शनिवार

फोनच्या कामाचं काढताच सासूबाई भडकल्या. "दया दाखवू नका माझ्यावर. या वयात लोक हसतील."

ही समजवायला लागली, मी तिला खुणेने थांबवलं. विचारलं, "आई, नक्की काय खुपतंय तुम्हाला?" आणि गप्प बसलो. सराव म्हणून नाही. मला खरंच ऐकायचं होतं.

मग बोलल्या. दुकान बंद झालं त्या दिवशी सगळे म्हणाले, आता आराम करा. मुलीने म्हटलं, जावयाने म्हटलं. "मला आराम हवाय का, हे कुणी विचारलंच नाही."

हिने डोळ्यांना पदर लावला. मी खाली बघत होतो. आराम करा म्हणणारा जावई मीच.

"कधी भेटायचं तुमच्या मालकांना?" सासूबाई म्हणाल्या. "मी एकटी जाईन. शिफारस नको."

३ मार्च, सोमवार

एकट्याच गेल्या, एकट्याच आल्या. काय बोलणं झालं, सांगत नाहीत. मालक एवढंच म्हणाले, "त्यांनीच माझी मुलाखत घेतली."

१० मार्च, सोमवार

सासूबाईंचा कामाचा पहिला दिवस. बसथांब्यावर म्हणाल्या, "ऑफिसात मला आई म्हणायचं नाही." बरं म्हणालो. बस समोर येऊन थांबली तशा हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकीला आत्ताच सांगू नका, मीच सांगेन — ऑफिसजवळ एक खोली बघितलीय मी. स्वतःसाठी." आणि माझ्या आधी चढल्या.