चाफ्याखालची कबर

प्रिय जुनैदीचे बाबा,

ब्रेबेसला भावाच्या शेतातला कांदा काढून झाला असेल, तेव्हा या वेळी सबब सांगू नका. रमजानच्या आधी पोराच्या कबरीवर फुलं वाहायला एकदा तरी जकार्ताला या. कबरस्तानाच्या त्या कोपऱ्याची आता बाग केलीय, मधोमध काळा दगड उभा केलाय, अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातल्या दंगलीत मॉलमध्ये जळालेल्या सगळ्यांसाठी. त्यावर ‘बळी’ लिहिलंय. ‘लुटारू’ नाही लिहिलेलं, मी नातीकडून दोनदा वाचून घेतलं.

कबरींवर नावं मात्र नाहीतच. कोळसा झालेल्यांना कोण ओळखणार? आम्ही आयांनी आपापली एकेक कबर धरली. मी चाफ्याखालची धरली. पहिल्याच वर्षी बघते तर तिथे एक चिनी बाई संत्री मांडून बसलेली! मी ओरडले, “ए बाई, ऊठ! माझ्या लेकाच्या उरावर बसलीस!” तर म्हणते कशी, “लेक कसला? माझी सिस्का आहे इथे. वरच्या मजल्यावर गल्ल्यावर बसायची. तुझ्यासारखीचीच पोरं टीव्ही उचलायला आली नि तिला घेऊन मेली.” मी तिच्या झिंज्याच धरल्या. मग दोघी तिथेच बसून रडलो. तेव्हापासून तिची संत्री नि माझ्या गुलाबपाकळ्या एकाच मातीवर. “तुझ्या पोराला सांग हं, सगळी संत्री एकट्याने खायची नाहीत,” असं ती, लानी, मला दरवर्षी चिडवायची.

लानी गेल्या महिन्यात वारली. तिच्यामागे कुणी नाही. यंदा संत्रीही मलाच न्यायचीत, नि माझे गुडघे तर पार गेलेत.

पण त्यासाठी बोलावत नाहीये मी. गल्ली ‘लुटारूचा बाप’ म्हणायची म्हणून तुम्ही घर सोडून ब्रेबेसला गेलात, असंच मी सगळ्यांना सांगत आले. त्या दिवशी दारात चपला घालताना जुनैदी मला म्हणाला होता, “आई, मी नकोच म्हणत होतो गं. बाबा म्हणाले, सगळे आणतायत, तू काय घरात बसलायस? जा, पंखा तरी घेऊन ये.” मी चुलीपासून उठेपर्यंत पोरगा गल्लीबाहेर गेला. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. लानीलासुद्धा कधी बोलले नाही. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करेन असंही वाटत नाही. पण तो तुमच्या शब्दावर गेला, माझं तो ऐकायचा नाही. म्हणून तुम्हीच या, नि त्याला एवढंच सांगा, पंखा नको, घरी ये.

तुमचीच,
रोहाया