नऊ नंबरचा खण

सोमवार, २ तारीख

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ही वही. धाकट्या बहिणीने स्कूटरवरून आणून सोडलं आणि वाटभर बजावलं, की रडूबाई, इथे तरी नीट जेवत जा. मला रडूबाई म्हणायची परवानगी जगात फक्त तिला आहे. दुसऱ्या कोणी म्हणून दाखवावं!

जागा झकास आहे. खाली व्हिटॅमिनच्या कॅप्सूल भरायची लांबलचक खोली. वर वजनखोली आणि तिला लागून माझी राहायची खोली. जिना बाहेरून, उघडा. वजनखोलीच्या खिडकीतून फाटक आणि जिना दोन्ही दिसतात, म्हणजे कोण आलं नि कोण गेलं यावर माझी नजर. काम सोपं. प्रत्येक बॅचमधल्या वीस कॅप्सूल इवल्याशा काट्यावर ठेवायच्या. एकूण एक पाचशे मिलिग्रॅमच भरली पाहिजे. काटा कसा आहे बघायला मी माझ्या औषधाची राखाडी-निळी कॅप्सूलच ठेवून पाहिली. तीनशे बारा. म्हटलं, बये, तू इथे नापास!

मग औषधाची बाटली मालकीणबाईंकडे दिली. नियमच आहे. बाहेरची गोळी चुकून मालात गेली तर घोळ, म्हणून प्रत्येकाचं औषध बाईंच्या कपाटात, आपापल्या नंबरच्या खणात. माझा नंबर नऊ. दुपारी जेवणानंतर बाई स्वतः हातावर आणून ठेवतात. सोबत घरची पिवळी कॅप्सूल, ती सगळ्यांना, पाहुण्यांनासुद्धा. बहिणीला घाई होती, ती पुढच्या वेळी नक्की घेईन म्हणाली आणि सुटली. ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच गोलूताईने, म्हणजे कॅप्सूल भरणाऱ्या जाड्या बाईने, तिची हुबेहूब नक्कल केली. डोळे मिटले असते तर फसले असते. हसून हसून पोट दुखलं.

गुरुवार, ५ तारीख

इथे सगळे माझ्याच पंथातले निघाले. फाटकावरचे उंच काका, गोलूताई, बाकीचे पाच-सहा जण. सगळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकलेले. बाई म्हणाल्या, मी मुद्दाम अशीच माणसं घेते, ज्यांच्यावर औषध चालत नाही.

मी लगेच तोंड उघडलं. म्हटलं, माझ्यावर चालतं हो! चार औषधं फुकट गेली, चार वर्षं गेली, अंथरुणातून उठून तांब्याभर पाणी घ्यायचं म्हणजे डोंगर वाटायचा. पाचव्याने मात्र धरून उठवलं. एका दुपारी मला केस विंचरावेसे वाटले, तर बहीण दारात उभी राहून रडली. व्हिटॅमिनशी माझं भांडण नाही, डॉक्टरांनी कमी पडलं तेव्हा तेही दिलं होतं. पण ते त्याच्या जागी आणि हे ह्याच्या जागी. बाई नुसत्या हसल्या.

आज मला भरायलाही बसवलं, खास ऑर्डर म्हणून. फक्त तीस नग, राखाडी-निळी टरफलं, आत आपली नेहमीची पिवळी पूड. मी गाणं गुणगुणत भरल्या, सगळ्या पाचशेवर. तीस कॅप्सूलची ऑर्डर कोण देतं कोण जाणे.

सोमवार, ९ तारीख

सोमवारी सगळ्यांचं वजन करतात. वजनखोलीत दाराशी मोठा काटा आहे, पोती मोजायचा. आल्या दिवशी माझं त्रेसष्ट होतं, आज एकोणसाठ. बाकी सगळे पन्नास. काका विजेच्या खांबाएवढे, ते पन्नास. गोलूताई दारातून आडवी होऊन येते, तीही पन्नास! मी म्हटलं काटा बिघडलाय. मग वीस किलोचा पुडीचा डबा ठेवून पाहिला. बरोब्बर वीस.

डोक्यात झिणझिण्या येतात. मान वळवली की करंट लागल्यासारखं होतं. औषधाची एखादी वेळ चुकली की व्हायचं तसंच. पण चुकतेय कुठे? बाई रोज हातावर ठेवतात.

सोमवार, १६ तारीख

चौपन्न.

सकाळी उठायला पाऊण तास लागला. तो डोंगर परत आलाय. पाचवंही संपलं तर. बहिणीला काय सांगू? तिला फोन केला आणि मजेत आहे म्हणाले.

दुपारी गोलूताईचं बोट टेप कापायच्या पात्यावर चिरलं. चांगलंच चिरलं. मी फडकं घेऊन धावले तर रक्त नाही. चिरेतून पिवळी पूड भुरुभुरु पडली, टेबलावर छोटासा ढीग झाला. तिने ती फडक्याने पुसली आणि म्हणाली, अगदी बरं वाटतं. खोलीतले सगळे मान न उचलता म्हणाले, अगदी बरं वाटतं.

माझं डोकं फिरलं असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण मी आजारी आहे, आंधळी नाही.

गुरुवार, १९ तारीख

दोन्ही कॅप्सूल जिभेखाली धरल्या, बाईंकडे बघून गोड हसले आणि वर आले. राखाडी-निळी पुसून काट्यावर ठेवली.

पाचशे.

तीनदा ठेवली. पाचशे, पाचशे, पाचशे. उघडली तर आत पिवळी पूड. ती तीस नगांची ऑर्डर माझीच होती. माझ्या हातांनी भरली, गाणं म्हणत! तिडीक गेली डोक्यात. दोन आठवडे मी स्वतःला दोष देत बसले, की हिच्यावर काही चालतच नाही, हीच कुचकामी. अहो, औषध हरलंच नव्हतं! ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं!

माझ्या खोलीत जाऊन हळूच फोन केले. डॉक्टर म्हणाले, आधी तिथून निघा, मागचं भरून काढायला जास्त गोळ्या घेऊ नका, रोजची एक, आणि सरळ माझ्याकडे या. बहीण म्हणाली, उद्या अकराला येते, बॅगा भर. पिवळी घेऊ नकोस हे सांगायच्या आत फोन बंद पडला, तो पडलाच. आत्ताच निघणार होते, पण काका फाटक लावून हसत उभे होते. अगदी बरं वाटतं म्हणाले.

परत वर निघाले तर बाई जिन्यात. त्यांना सगळं कळलं होतं. शांतपणे म्हणाल्या, इतकी वर्षं दुखत होतं ना, मग रिकामं करून भरून घ्यायला हरकत काय? मी म्हटलं, दुखणं माझं, त्याचं काय करायचं ते मी नि माझे डॉक्टर बघू. तुमची पूड तुम्हीच खा.

शुक्रवार, २०. सकाळी नऊ

वजनखोलीत आहे. आतून कडी. प्रत्येक बॅचचा नमुना जपायचा, कधीच टाकायचा नाही असा नियम, आणि बाई नियमाच्या पक्क्या. नमुन्यांच्या कपाटात माझी खरी बाटली सापडली, वर चिठ्ठी, नऊ. एक ठेवून पाहिली. तीनशे बारा! तिला नापास म्हटलं होतं मी. आज तिची पापी घेतली आणि एकच गिळली.

बाकीच्यांच्याही बाटल्या आहेत. सगळ्या भरलेल्या. काकांची सात वर्षांपूर्वीची.

दहा

पोत्यांच्या मोठ्या काट्यावर उभी राहिले. एक्कावन्न. अजून एक किलो माझं आहे. देत नाही!

रडू आलं. हातावर घेऊन पाहिलं. ओलं, खारट, पुडीचा कण नाही. चार वर्षं ह्या रडण्याला शिव्या दिल्या, आज म्हटलं ये बाई ये, किती यायचं ते ये.

साडेदहा

दारावर थापा. सगळ्यांच्या एकदम, एका तालात. मग बहिणीचा आवाज — मी आले गं, दार उघड, बरं वाटेल —

कडीला हात लावला होता. पण स्कूटर ऐकू आली नाही. विचारलं, मी कोण ते सांग, मगच उघडते. बाहेर कुजबुज. मग तोच आवाज म्हणाला, नऊ नंबर.

गोलूताई! काय नक्कल करतेस. जा, नाही उघडत.

अकराला पाच

कडीचा एक स्क्रू पडला. टेबल लावलंय दाराला. हात हलके झालेत, पेन धरवत नाही — लिहिणार. पन्नास पूर्णांक चार. तरी लिहिणार. मी नऊ नंबर नाही. मी रडूबाई, थोरली, राखाडी-निळी, तीनशे बारा —

हॉर्न. खाली. खरा.

रडूबाई, अशी हाक! तीच. तीच आहे!

काकांनी फाटक उघडलं. हसताहेत. ती जिना चढतेय — बाई पुढे गेल्या, हातात ट्रे, पाण्याचा पेला, पिवळी कॅप्सूल. बहीण हसली. पुढच्या वेळी नक्की म्हणाली होती ना ती, शब्दाची पक्की —

काच फोडली. ओरडतेय. आवाज कमी पडतोय, पन्नास किलोचा आवाज. परत ओरडते. वर बघ. इकडे बघ, माझ्याकडे, मी रडतेय बघ, खरं रडतेय — ठेव ती, घेऊ नकोस, घेऊ न