नकाशातून गेलेली खोली

१२ डिसेंबर २०२२
कुंदन पुण्याहून दोन यंत्रं घेऊन आला, लावून दिली आणि परत गेला. धाकटं झाडतं, थोरलं पुसतं. धाकट्याचं झाडून झालं की थोरल्याला आपोआप कळतं, मग ते निघतं. आम्ही जावाजावा अशा कधी नांदलो नाही!
अट एकच घालून गेला. "माय, या यंत्रायच्यानं जमलं तं राय बाळापुरात एकटी. नाई तं होळीच्या आंदी पुण्याले चाल."
मला जायचं नाही.

१९ डिसेंबर
दोघांनी मिळून घराचा नकाशा काढला. मोबाइलवर दिसतो — मला इथे, कुंदनला तिकडे. दमली की आपापल्या जागी जाऊन बसतात. आमच्या ह्यांना हे जन्मभर जमलं नाही.

४ जानेवारी २०२३
कापूस घरी आला. भाव पडलेला, म्हणून मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला. हे होते तेव्हाही असंच. भाव चढेपर्यंत आम्ही तिघं कापसावरच झोपायचो. कुंदन त्यात उड्या मारायचा, मग खाज सुटली की रडायचा. हे तेल चोळता चोळता म्हणायचे, "शिक बापू, म्हंजे या खाजेतून सुटशीन." फार चांगले दिवस होते ते. आता खोलीत नुसतं डोकावलं तरी भरून येतं.

५ जानेवारी
धाकट्याने कापूस ओढला, घशात अडकून बंद पडलं. थोरलं बिचारं त्याची वाट बघत बसलेलं. चिमट्याने कापूस काढला. कुंदनला सांगितलं नाही.

६ जानेवारी
अंगलट आलं. नव्या नकाशात मधली खोलीच नाही — कापूस त्यांना भिंत वाटला. कुंदनचा फोन. "माय, मंधातली खोली कुठी गेली?"
"हाये ना जाग्यावर."
 मग, "कापूस भरला काय? येतो मी."
न्यायलाच येणार.

१० जानेवारी
आला. मी भांडायच्या तयारीत. त्यानं बॅग टेकवली, कापसावर चढला आणि झोपून गेला. उठला तेव्हा पाठ लालेलाल, पण कुरकुर नाही.

१३ जानेवारी
अजून इथेच. पुण्याचं नाव काढत नाही. मोबाइलवर बोटानं रेघ मारून यंत्रांना कापसापासून लांब ठेवलं. म्हणजे मी राहिले इथे. जिंकले!

१५ जानेवारी
कुंदनची नोकरी गेली. वर्ष सरतानाच गेली. "आता वावरच पायतो माय, तुह्यापाशी रायतो."
त्यानं एकदा म्हणावं — माय, पुण्याले चाल. नेसत्या लुगड्यानिशी निघेन.