सातव्या घरातला मंगळ

बाबा, लोधीखेड्याच्या एका मुलीचं ठरलेलं साक्षगंध मोडलं. मी मोडलं, आणि आता जोडता येऊन नाही राहिलं.

तुम्ही पत्रिका मांडायला बसलात की स्वयंपाकघरात भांडं वाजवायची सोय नसे. आईनं ठेवलेला चहा निवून जाई. एकदा मी मध्येच विचारलं, तर मान वर न करता म्हणालात, "तोंड चाललं का आकडा हालते." ताळा जुळला की मगच फलित, आणि ते असं रसाळ की ग्रहांनीच लाजावं.

तुम्ही गेल्यापासून, शाळेत संस्कृत शिकवून उरलेल्या वेळात तुमचं काम मी लॅपटॉपवर करते. वाटणी साधी होती. जन्मवेळेवरून ग्रह काढून घरं भरायची ती जुन्या प्रोग्रामनं. तो अरसिक, पण कितीदाही विचारा, तेच सांगतो. एआयनं फक्त फलित लिहायचं. लग्नसराईच्या घाईत मी अख्खी फाईलच एआयकडे दिली. त्यानं देखणी कुंडली आखली, तिसऱ्या घरातला मंगळ सातव्यात नेऊन बसवला, आणि त्यावर गोड भाषेत फलितही लिहिलं. ती पत्रिका तशीच गेली, आणि पांढुर्ण्याच्या मुलाकडून नकार आला.

चूक दिसली तशी प्रोग्रामनं काढलेली खरी पत्रिका घेऊन मी लोधीखेड्याला गेले. मुलीच्या वडिलांनी ती हातात घेतली नाही. "बाई, आता नवी दाखवली तं ते म्हणतीन, मुलीवाल्यांनी मंगळ हटवून आणला." मग पांढुर्णा. मुलाची आई भली. पाणी दिलं आणि म्हणाली, मशीन कशाला खोटं बोलेल, त्याला का मुलगी उजवायची आहे? न्यायशास्त्रात याला उत्तर असेल. मी पत्रिका तशीच घेऊन परतले.

काल ती मुलगी स्वतः सौंसरला आपल्या घरी आली. दारातच उभी राहून म्हणते, "मंगळ नाही नं, बाई? मग ठेवला तसा काढता काऊन येत नाही?"

आता मी एआयला बांधून ठेवलं आहे. ग्रह आणि फाईल प्रोग्रामची. एआयच्या मजकुरात एक घर जरी चुकलं तरी प्रोग्राम तो परत करतो. त्या मुलीला याचा काय उपयोग? तिला काय सांगू, बाबा?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. फलिताच्या सरावासाठी मी एआयला तुमच्या हातच्या पत्रिका दिल्या होत्या. तो अगदी तुमच्यासारखं बोलायला लागला. त्या दिवशी मी ते वाचतच राहिले, कुंडलीकडे पाहिलंच नाही. ती चुकीची फाईल माझ्याच्यानं अजून पुसवली नाही.