सर्व्हिस बंद पडू न देणे

४ डिसेंबर
आमच्या राईस मिलमध्ये सिस्टम इंचार्जची जागा निघाली. पक्की नोकरी. दुलीचंद शेठ पंधरा तारखेला नाव सांगणार. माझ्याखेरीज कोणतं नाव सांगतील, ते त्यांनाच ठाऊक. संकल्प: नजरेत भरेल असं काहीतरी करणे.

५ डिसेंबर, दुपार
ट्रकचं वजन काट्यावरून बिलाच्या कॉम्प्युटरवर आणणारी सर्व्हिस, म्हणजे एक प्रोग्राम, मागे निमूट चालते. चालते की नाही, कोणी बघत नाही. आता माझा कोड बघेल. बंद दिसली की दोन मिनिटांत चालू करेल, मला मेसेज पाठवेल. अख्ख्या बालाघाटात असा कोड नाही. चौकशी केलेली नाही. कोणाला सांगितलंही नाही. कल्पना चोरल्या जातात.

संध्याकाळ
सर्व्हिस बंद पडली. कोडने उठवली. पुन्हा पडली. पुन्हा उठवली. मी नसतो तर?

६ डिसेंबर
हिशेब बघणाऱ्या संघमित्राताई महापरिनिर्वाण दिनाच्या सुटीवर. सर्व्हिस एकदाही पडली नाही. कोडचा धाक बसला.

७ डिसेंबर
पुन्हा पडझड. संघमित्राताई विचारत होत्या, घनश्यामभाऊ, बॅकअप अर्ध्यातच मरून राह्यला, काहून? त्यांना थोडं कॉम्प्युटर शिकून घ्यायला सांगितलं. म्हणाल्या, हौ, मंग तुमीच शिकवा. पंधरा तारखेनंतर बघू म्हणालो. पद मिळालं की वेळ मिळेलच असं नाही.

११ डिसेंबर
शेठना फोनवरचे मेसेज दाखवले. बराच वेळ सरकवत राहिले. म्हणाले, इत्ते बार बंद पडते? पयले तं कधी ऐकलं नोतं. मी म्हणालो, पूर्वी ऐकणारं कोणी नव्हतं. प्रभाव पडला.

१४ डिसेंबर
बिलाच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. पाच तारखेपासूनचा बॅकअप नाही. तो संघमित्राताईंचा विभाग. वाईट वाटलं. झोप उत्तम लागली.

१५ डिसेंबर
सगळ्यांसमोर संघमित्राताई बोलल्या. बॅकअप घेताना सर्व्हिस बंद ठेवावी लागते. रोज संध्याकाळी मी बंद करते, अन् कोणतं तरी भूत येऊन चालू करून देते. शेठनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, कोडने आपलं काम चोख केलं. शेठ म्हणाले, हौ बाबू, तेच तं.
इंचार्ज: संघमित्राताई.
मला दहा दिवसांची वजनं पावत्यांवरून पुन्हा भरायची आहेत. लामता गावच्या ट्रक ड्रायव्हरला फोन केला. म्हणाला, पावती तो कब की फेक दी, भैया.

१६ डिसेंबर
नवी डिस्क बसली. संघमित्राताई म्हणाल्या, भाऊ, तुमचा कोड नोका टाकू. टाकला नाही.
सर्व्हिस दिवसभर चालू होती.