डबा रिकामा आला

१५ जून, सोमवार
१. दादाच्या मनूची शाळा सुरू झाली. पाचवी.
२. वहिनी पहाटेच्या गाडीने नांदगावला गेल्या. नर्स आहेत, तिथल्या दवाखान्यात बदली झाली. आता फक्त शनिवारी रात्री येणार, रविवारी राहणार.
३. दादा पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजवर. सातच्या आत बाहेर पडतो. डबा, वेण्या, रिक्षा माझ्याकडे. मला कंपनीत नऊला पोहोचायचं असतं. जमेल.
४. काल ठरलं, महिनाअखेरपर्यंत बघायचं. मनू आईशिवाय रुळली तर इथेच. नाही तर नांदगाव. तिथल्या शाळेने तोवर जागा ठेवली आहे.
५. वहिनी म्हणाल्या, "रुळली हे कळणार कसं? ती तर काही बोलत नाही." मी म्हणाले, "डब्यावरून. जेवली तर रुळली." दोघांना पटलं. मनू तिथेच वह्यांना कव्हरं घालत होती.

१६ जून, मंगळवार
डबा: फ्लॉवर-बटाटा, पोळी. परत: जवळपास सगळा.
"आवडलं नाही?" "आवडलं." "मग?" "वेळ नाही मिळाला, आतू."
रात्रीचं जेवण साधं ठेवायचं ठरवलं. एकच पदार्थ. खिचडी, पिठलं-भात, थालीपीठ. ताटं उचलली की तिघांनी आपापली वही घ्यायची आणि आज मनात काय होतं ते चार ओळी लिहायचं. एकमेकांचं वाचायचं नाही. माझी वही ही. दादाने लगेच नियम मोडून आपलं वाचून दाखवलं. "काम, ऊन, काम. बघा, कविता झाली!" मनू हसली. कालपासून पहिल्यांदा.

१८ जून, गुरुवार
एका वेळी एकच गोष्ट बदलते आहे. कंपनीत मोजमापाचं गेज चुकीचं दाखवायला लागलं की असंच करतो. काल भाजी बदलली. आज पोळीऐवजी पराठा. डबा तसाच परत.
संध्याकाळी वहिनींचा फोन. पहिला प्रश्न डब्याचा. खरं ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडून होत नसेल तर तसं सांगा. मी घेऊन जाते तिला."
फोन स्पीकरवर. मनू समोर, खिचडी चिवडत.
कुकर गरजेपेक्षा जास्त जोरात घासला.

१९ जून, शुक्रवार
डबा: मेथीचे पराठे, लोणचं. परत: रिकामा.
दादाने हातपाय धुवायच्या आधी नांदगावला फोन लावला. "अगं, आत्याबाई पास झाल्या!" मला बरं वाटलं. नाकारत नाही.

२१ जून, रविवार
वहिनी दिवसभर मनूच्या मागे-मागे. तेल लाव, नखं काप. खूश होत्या आणि नव्हत्याही. जवळ घेऊन म्हणाल्या, "माझ्याशिवाय जेवायला लागलीस की गं." मनू आईकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. का, ते कळलं नाही.

२३ जून, मंगळवार
काल रिकामा. आज रिकामा.
रात्री पिठलं-भात, मग वह्या. मनू पेन्सिल चावत, "आतू, वहीत खोटं लिहिलं तर चालतं?"
"कोणी वाचणारच नाही. मग खोटं कशाला?"
"सवय राहावी म्हणून."
दादा मोठ्याने हसला. मला हसता आलं नाही.

२४ जून, बुधवार
डबा: मटकीची उसळ, पोळी. परत: रिकामा.
पण झाकणाच्या रबरी रिंगला हळद नाही. आत पाण्याचे थेंब. शुक्रवारच्या डब्यालाही लोणच्याचा वास नव्हता. तेव्हाच खटकायला हवं होतं. मी "रिकामा" एवढंच बघितलं.
"डबा कोण धुतं?"
"मीच. शाळेच्या नळावर."
"आणि आतलं?"
"मैत्रिणींना देते. उरलं तर रिक्षावाल्या काकांना. ते म्हणाले, तुझी आत्या उसळ चांगली करते."
"मग तू काय खातेस?"
"घरी आल्यावर खाते ना."
खरं आहे. आल्या-आल्या उभ्यानेच दूध-पोळी खाते. मला वाटत होतं, वाढीचं वय.
"असं का पण?"
"तूच म्हणालीस ना, डब्यावरून ठरणार."
"म्हणजे तुला इथेच राहायचंय?"
बराच वेळ चपलेचा पट्टा काढत-लावत राहिली. "मला कुणी विचारलंच नाही."
"आत्ता विचारते."
"आत्ता नको. आई असताना विचार. बाबापण पाहिजे."

२५ जून, गुरुवार
जिचं माप घ्यायचं तिलाच आधी सांगून ठेवलं की काय मोजणार आहोत. आकडा बरोबर येणारच होता. असा रिपोर्ट कंपनीत कुणी दिला असता तर मी परत पाठवला असता.
दादाला सांगितलं. जेवता-जेवता हात थांबला. "लेकरू दिवसभर उपाशी, आणि आपण पेढे वाटायचेच बाकी होते." मग आवाज खाली, "तुझ्या वहिनीला सांगू नको. उद्याच्या उद्या येऊन घेऊन जाईल."
"नेऊ दे."
"तुला चालेल?"
"चालेल."
इथे तरी खरं लिहावं. नाही चालणार.

२६ जून, शुक्रवार
डबा दिला नाही. शाळेआधी दोघींनी ओट्याशी बसून पोहे खाल्ले. तिने परत मागून घेतले. दप्तरात एक केळं ठेवलं. खाल्लं का, विचारलं नाही.
दादा आणि वहिनींना एकच मेसेज. पाठवण्याआधी मनूला वाचून दाखवला. तिने एक वाक्य घालायला लावलं. जसाच्या तसा:

"दादा, वहिनी, गेल्या शुक्रवारपासून डबे रिकामे आले ते मनूने वाटून टाकले म्हणून. ती शाळेत जेवत नाही. डब्यावरून ठरवायचं हे मी सुचवलं होतं, ते चुकलं. वहिनी, दादाला कालच सांगितलं, तुम्हालाही तेव्हाच फोन करायला हवा होता, पण पुढचं दोघांना एकदमच कळावं. रविवारी दुपारी जेवायला बसल्यावर आपण तिघं तिला विचारू, कुठे राहायचंय. ती सांगेल तसं करायचं. तेव्हा कुणी रडायचं नाही, ही मनूची अट. नांदगावच्या शाळेला मंगळवारी सांगावं लागेल. हे मान्य आहे की नाही, ते दोघांनी उद्या, शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा."