तासाभरात चढलेली रेघ

आई, आज दुपारी मी स्वतः हॉस्पिटलात जाऊन एक रिपोर्ट आणला, आणि तो पहिल्यांदा तुलाच सांगावासा वाटला. सोमवारी एका बाईच्या रक्ताचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत चाचणीसाठी आला होता. नखाएवढ्या काचेवर आम्ही सोन्याचा पातळ थर देतो आणि त्यावर एकाच जातीच्या जंतूला धरून ठेवणारी प्रथिनं बसवतो. जंतू चिकटला की त्यावर सोडलेला प्रकाश परतताना किंचित बदलतो आणि पडद्यावरची रेघ वर चढते. रक्तात जंतू फार थोडे असतात, म्हणून कित्येक वर्षं आमची रेघ सपाटच राहिली. सोमवारी ती तासाभरात चढली. माझ्यासोबत काम करणारी मुलगी आधी तेलुगूत ओरडली, “वच्चिंदी!” आणि मग, “मॅडम, आली!” हॉस्पिटलच्या तपासणीला तीन दिवस लागले. आजच्या रिपोर्टात त्यांनीही तोच जंतू सांगितला.

तू अफझलगंजच्या एका दवाखान्यात, लॅबमध्ये जंतू वाढवायच्या काचेच्या बशा धुवायचीस. शाळेला सुट्टी म्हणून एकदा मला बरोबर नेलंस. मी एका बशीचं झाकण उचलायला जाते आणि तू हातावर फाडकन मारतेस. “नक्को म्हणलं ना! डोळ्याला दिसत नाही म्हणून तिथं काही नाही, असं समजू नको.” मग कोपरापर्यंत साबण लावून माझे हात धूत राहतेस, आणि तुझेच डोळे भरून येतात.

तुला ताप आला तेव्हा मी बारावीत होते. अंबरपेठच्या आपल्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकत टेकत तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, “राहू दे, मी करते.” “हौ, आणि तुझी भाकर खाईल कोण?” म्हणून हसलीस. दुसऱ्या दिवशी तुला भरती केलं. औषध लगेच सुरू झालं. रिपोर्ट आला की नेमकं कळेल, असं डॉक्टर म्हणाले. जंतू वेगळाच निघाला, चालू औषधाला न जुमानणारा. बाबांच्या हातात तो कागद पडला तेव्हा तुला जाऊन एक दिवस झाला होता.

ही सोमवारची बाई वाचली. आमच्या रेघेवर अजून कुणी औषध ठरवत नाही. तिला पहिलंच औषध लागू पडलं, एवढंच. नर्सने मला लांबून ती दाखवली. ती खाटेवर बसली होती आणि तिची मुलगी मागे उभी राहून तिचे केस विंचरत होती.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे, कुणी वाचणार नाही, म्हणून खरं ते लिहिते. मला आनंद झाला, आई. पण त्याआधी मला त्या मुलीचा हेवा वाटला.